सुकाणूवाला रॉबर्ट स्मॉल्स

इतिहासाच्या तासाला अमेरिकेतील यादवी युद्ध शिकवताना आम्हांस दरवर्षी एक अडचण जाणवते. लिंकनची मूर्ती विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे चटकन उभी राहते. गुलामांची मात्र राहत नाही. जणू सुमारे चाळीस लक्ष माणसे हात जोडून बसली होती आणि वॉशिंग्टनला कोणीतरी कागदावर सही केली म्हणून ती सुटली, असा समज करून घेऊन मुले वर्गाबाहेर पडतात. गेल्या वर्षी नववीतील एका मुलीने उभे राहून विचारले, की त्या गुलामांनी स्वतः काहीच केले नाही काय? तासाची पाचच मिनिटे उरली होती. तेव्हा जे उत्तर देता आले नाही ते येथे देत आहोत.

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात, समुद्रकाठी, ब्यूफर्ट नावाचे एक लहानसे गाव आहे. भोवती खाड्या, बेटे आणि दलदल. त्या गावात प्रिन्स स्ट्रीटवरील एका मोठ्या घराच्या मागील खोपटात ५ एप्रिल १८३९ रोजी रॉबर्टचा जन्म झाला. आई लिडिया ही त्या घरातील मोलकरीण. मोलकरीण म्हणजे पगारी नव्हे. ती मॅकी कुटुंबाच्या मालकीची होती, आणि तिच्या पोटी जन्मला म्हणून तो मुलगाही जन्मतःच त्यांच्या मालकीचा झाला. मालकाच्या घरात वाढल्यामुळे रॉबर्टच्या वाट्याला शेतावरील गुलामांचे हाल आले नाहीत. लिडियाला याचेच भय वाटू लागले. आपण कोण आहोत हे मुलगा विसरेल, आणि मग एके दिवशी ते त्याला फार वाईट रीतीने कळेल, हे तिने ओळखले. म्हणून तिने त्याला मुद्दाम नेऊन गुलामांचा बाजार आणि फटके मारण्याचा खांब दाखविला, असे त्यांच्या कुटुंबात सांगितले जात असे. आपल्या मुलाला अशी दृश्ये दिसू नयेत म्हणून आया डोळे झाकतात. या आईने ते उघडले.

बारा वर्षांचा झाल्यावर रॉबर्टला चार्ल्सटन बंदरात कामाला पाठविण्यात आले. काम त्याने करावे व पगार मालकाने घ्यावा, अशी ती पद्धत होती; आठवड्याला एक डॉलर तेवढा त्याच्या हाती येई. प्रथम हॉटेलात, मग रस्त्यावरचे दिवे लावणारा, आणि अखेर धक्क्यावर. धक्क्यावर तो रमला. माल चढविणे-उतरविणे, दोरखंडांची कामे, शिडे शिवणे, असे करता करता तो बोटींच्या सुकाणूपाशी पोचला. चार्ल्सटनचा परिसर म्हणजे भरती-ओहोटीने रोज रूप पालटणारे उथळ पाणी. कोठे गाळ आहे, कोठे वाळूचा दांडा सरकला आहे, ओहोटीला किती हात पाणी उरते, हे सारे डोक्यात असावे लागे. मांडवी-जुवारीच्या मुखांशी वाळूचे दांडे चुकवीत होड्या हाकणाऱ्या आमच्याकडील तांडेलांना हे ज्ञान काय किमतीचे असते ते सांगावयास नको. मात्र रॉबर्टला एक अक्षर वाचता येत नव्हते. गुलामाला लिहावयास-वाचावयास शिकविणे हा त्या राज्यात १८३४ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. पाणी वाचता येणारा हा मुलगा कागद वाचू शकत नव्हता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सतराव्या वर्षी, १८५६ च्या डिसेंबरात, त्याने हॅना जोन्सशी लग्न केले. ती हॉटेलात काम करणारी, तीही गुलाम, पण दुसऱ्या मालकाची. त्यांना मुलगी झाली ती अर्थात हॅनाच्या मालकाची मालमत्ता ठरली. बायको व मुलगी विकत घेण्याची रॉबर्टने तयारी केली. किंमत ठरली ८०० डॉलर. जवळ होते सुमारे १००. आठवड्याचा एक डॉलर मिळविणाऱ्याला उरलेले सातशे जमवावयास किती काळ लागेल, हा त्रैराशिकाचा हिशेब खालच्या वर्गातील मुलेही करू शकतील.

१८६१ च्या एप्रिलात चार्ल्सटन बंदरातीलच सम्टर किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या आणि यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवून धरली. अमेरिकेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या चार वर्षांत जो पैशाचा पूर आला आणि १८६५ साली ओसरताना अनेकांना बुडवून गेला, त्याचा उगम या नाकेबंदीत होता. कापूस वाहण्यासाठी बांधलेल्या ‘प्लँटर’ नावाच्या एका आगबोटीला तिकडे आता सैन्याच्या कामाला जुंपण्यात आले. १४७ फूट लांबीची, दोन्ही बाजूंस चाके असलेली ही बोट जेमतेम चार फूट पाण्यातही चाले. तिच्यावर दोन तोफा चढविल्या गेल्या. कप्तान व दोन अधिकारी गोरे. बाकी सारे गुलाम. सुकाणूवर रॉबर्ट स्मॉल्स. त्याला पायलट म्हणत नसत, कारण ती पदवी गोऱ्यांसाठी राखलेली होती. काम मात्र पायलटचेच होते.

१२ मे १८६२ रोजी ‘प्लँटर’ने कोल्स बेटावरून चार मोठ्या तोफा उचलून चार्ल्सटनला आणल्या. त्या दुसऱ्या दिवशी पोचवावयाच्या होत्या. रात्री बोट सेनापती रिप्ली यांच्या कचेरीसमोरच्या धक्क्याला लागली, आणि अधिकाऱ्यांनी बोटीवरच राहिले पाहिजे असा हुकूम असताना तिघेही गोरे अधिकारी घरी झोपावयास गेले. गुलाम खलाशी बोट पळवितील ही कल्पनाही त्यांच्या मनाला शिवली नाही. आमच्या मते त्या रात्रीचा सर्वांत मोठा पहारेकरी झोपला तो हाच.

पहाटे तीनच्या सुमारास बॉयलर पेटला. दक्षिणेचे निशाण फडकावून बोट निघाली ती प्रथम दुसऱ्या एका धक्क्याकडे, जेथे हॅना, मुले आणि इतरांची कुटुंबे लपून बसली होती. सगळी मिळून सोळा माणसे झाली. पकडले गेल्यास बोट उडवून द्यावयाची, हे आधीच ठरले होते. आणि त्यात तान्ही मुलेही होती.

रॉबर्टने कप्तानाचा कोट अंगात घातला आणि त्याच्यासारखीच रुंद कडांची गवती टोपी डोक्यावर ओढली. वाटेत पाच ठाणी. प्रत्येक ठिकाणी ठराविक शिट्टी द्यावी लागे. वर्षभर तो या शिट्ट्या देत आला होता, कप्तान कसा उभा राहतो, कसा चालतो, हे पाहत आला होता. सम्टर किल्ल्याजवळ येईपर्यंत साडेचार वाजत आले होते आणि उजाडू लागले होते. बरोबरच्यांपैकी काहींना वाटे, की किल्ल्यापासून दूर अंतरावरून निसटावे. रॉबर्टने नेहमीची वाट सोडली नाही, वेगही वाढविला नाही. दोन लांब आणि एक आखूड अशी शिट्टी दिली. किल्ल्यावरून जाण्याची परवानगी मिळाली. तोफांच्या माऱ्याबाहेर जाताच ‘प्लँटर’ सरळ समुद्राकडे वळली.

आता दुसरे संकट. समोर उत्तरेची ‘ऑनवर्ड’ नावाची युद्धनौका उभी होती आणि तिला दिसत होती ती केवळ शत्रूची एक बोट. तिच्या तोफा रोखल्या गेल्या. तेवढ्यात दक्षिणेचे निशाण खाली आले आणि त्या जागी हॅनाने बरोबर आणलेली पांढरी चादर वर चढली. गोळा सुटला नाही. अशा रीतीने रॉबर्ट स्मॉल्स, वय वर्षे २३, सहा तोफांसह एक आगबोट, तिचे खुणांचे पुस्तक व पाण्याखालच्या सुरुंगांची माहिती घेऊन उत्तरेच्या आरमारात दाखल झाले.

या माहितीचे मोल तोफांहून अधिक होते. कोल्स बेट दक्षिणेने रिकामे केल्याचे त्यांच्याकडून कळले आणि काही दिवसांतच उत्तरेच्या फौजांनी तो भाग घेतला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बोटीच्या मूल्याचा अर्धा भाग या मंडळींना बक्षीस देण्याचा कायदा त्याच महिन्यात केला. स्मॉल्सना १५०० डॉलर मिळाले. बोटीची किंमत फार कमी धरली गेली होती, हे सरकारला पुढे मान्य करावे लागले आणि १९०० साली, अडतीस वर्षांनी, आणखी काही रक्कम देण्यात आली. सरकारी कागद संथ चालतो हे केवळ आमच्याकडेच खरे नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात स्मॉल्स एका पाद्र्यासह वॉशिंग्टनला गेले व युद्धमंत्री स्टँटन यांना भेटले. कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावे ही त्यांची विनंती. परत येताना ब्यूफर्टच्या परिसरात ५००० कृष्णवर्णीय भरती करण्याची लेखी परवानगी त्यांच्याजवळ होती. मुक्तीचा जाहीरनामा तेव्हा अजून निघावयाचा होता. त्यानंतर ते स्वतः युद्धभर लढले. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनवर जो आरमारी हल्ला झाला त्यात ‘किओकक’ या चिलखती नौकेचे पायलट तेच होते. नव्वदांहून अधिक गोळे लागलेली ती नौका दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाली, स्मॉल्स वाचले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पुन्हा ‘प्लँटर’वर असताना एका खाडीत तिच्यावर दोन्ही तीरांवरून मारा सुरू झाला. गोऱ्या कप्तानाने शरण जावे असे म्हटले आणि तो कोळशाच्या कोठीत जाऊन बसला. गोऱ्या कप्तानाला युद्धकैदी म्हणून वागविले असते; कृष्णवर्णीय खलाशांना ती सवलत मिळाली नसती. स्मॉल्सनी सुकाणू हाती घेतले व बोट बाहेर काढली. यानंतर तेच ‘प्लँटर’चे कप्तान झाले, दरमहा १५० डॉलर पगारावर.

१८६४ साली बोट दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला नेण्यात आली. तेथील मुक्कामात स्मॉल्सनी शिक्षक ठेवून लिहावयास-वाचावयास शिकण्यास आरंभ केला. वय पंचवीस, अंगावर युद्धाची कीर्ती, आणि समोर मुळाक्षरांचे पुस्तक. हे चित्र आम्हांस ‘प्लँटर’च्या पलायनाहून कमी धैर्याचे वाटत नाही. त्याच शहरात एके दिवशी ट्राममध्ये बसलेले असताना गोऱ्या उतारूसाठी जागा सोडून बाहेरच्या उघड्या फळीवर उभे राहण्यास त्यांना सांगण्यात आले. ते खाली उतरले आणि पायी गेले. ज्याच्या नावाने वृत्तपत्रांनी स्तंभ भरले त्या वीराला ट्राममध्ये जागा नाही, ही गोष्ट बोभाटा होऊन चर्चेत राहिली. त्या राज्याने १८६७ मध्ये ट्रामगाड्यांतील हा भेद कायद्याने बंद केला.

युद्ध संपताना स्मॉल्स आपल्या गावी परतले होते. ब्यूफर्टचे गोरे मालक १८६१ सालीच उत्तरेची फौज पाहून पळाले होते आणि कर न भरल्यामुळे त्यांची घरे लिलावात निघाली होती. प्रिन्स स्ट्रीटवरील ते घर, ज्याच्या मागील खोपटात आपला जन्म झाला, स्मॉल्सनी विकत घेतले. पूर्वीच्या मालकांनी केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८७८ मध्ये निकाल स्मॉल्सच्या बाजूने लागला. मॅकी कुटुंबातील वृद्ध मालकीण, बुद्धिभ्रंश झालेली, एकदा आपलेच घर समजून तेथे आली तेव्हा त्यांनी तिला घरात ठेवून घेतले, अशीही हकीकत सांगतात.

आता त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग. १८६८ च्या जानेवारीत दक्षिण कॅरोलायनाची नवी राज्यघटना तयार करण्यासाठी चार्ल्सटनला सभा भरली. सभासदांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, त्यांतले कित्येक कालपर्यंतचे गुलाम. अशा सभेने प्रथम काय मागावे? जमीन? सूड? स्मॉल्सनी ठराव मांडला तो शाळांचा. राज्यातील सर्व मुलांसाठी सार्वजनिक शाळा असाव्यात, त्या विनामूल्य असाव्यात. घटनेत तसे कलम आले. सहा ते सोळा वर्षे वयाच्या मुलांना निदान चोवीस महिने शाळेत पाठविणे सक्तीचे करण्याची आणि सरकारी पैशाच्या शाळा रंगभेद न करता सर्वांना उघड्या ठेवण्याची तरतूदही आली. हे अमेरिकेतील पहिलेच सक्तीचे मोफत शिक्षण होय, असे काही चरित्रकार लिहितात. ते बरोबर नाही, मॅसॅच्युसेट्समध्ये १८५२ सालीच सक्तीचा कायदा झाला होता. पण जेथे चौतीस वर्षांपूर्वी गुलामाला अक्षर शिकविणे हा गुन्हा ठरला होता, त्या राज्यात हे घडले, एवढेच पुरेसे आहे. आदल्याच वर्षी स्मॉल्सनी स्वतःच्या गावात कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी एक दुमजली इमारत विकत घेतली होती.

त्याच वर्षी ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले, आणि १८७० मध्ये सिनेटवर, म्हणजे वरिष्ठ सभागृहात गेले. राज्याच्या स्वयंसेवक सेनेत ते पुढे मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा स्मॉल्स त्या सिनेटमध्ये बसत होते. दोन दूरच्या देशांतील या दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता. दोघांनी आधी धरली ती मात्र शाळेचीच वाट.

१८७५ पासून ते वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये होते, मधल्या काही पराभवांसह १८८७ पर्यंत. सैन्यात रंगावरून वेगळ्या पलटणी असू नयेत, असा त्यांनी मांडलेला विचार त्या सभागृहाला पटला नाही. १८७६ च्या उन्हाळ्यात कंबाही नदीकाठच्या भातशेतीवरील मजुरांनी संप केला. नदीला भरती आली की बांधाची दारे उघडून पाणी आत घ्यावयाचे, अशी ती शेती. आमच्याकडील खाजन जमिनींचे बांध आणि मानस पाहिलेल्यास ती चटकन समजेल. मजुरी रोख न देता मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या देत, ही त्यांची तक्रार होती. हत्यारबंद गोरे एकीकडे, संतापलेले मजूर दुसरीकडे. स्मॉल्स मधे जाऊन उभे राहिले, मजुरांची समजूत घातली, आणि रक्त सांडल्यावाचून प्रकरण मिटले.

असे प्रसंग यापुढे दुर्मीळ झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत लाल सदरे घातलेल्या गोऱ्यांच्या टोळ्यांनी दहशत माजविली. १८७७ मध्ये केंद्राची फौज काढून घेण्यात आली आणि जुन्या मालकवर्गाचा पक्ष सत्तेवर आला. सत्तेवर येताच त्याने स्मॉल्सवर खटला भरला. सिनेटमध्ये असताना सरकारी छपाईच्या कंत्राटात त्यांनी ५००० डॉलरची लाच घेतली असा आरोप होता. ते दोषी ठरले, तीन वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असतानाच १८७९ मध्ये राज्यपालांनी माफी दिली; बदल्यात निवडणुकीतील गैरप्रकारांबद्दल त्या पक्षाच्या लोकांवर चाललेले खटले सोडून देण्यात आले.

चरित्र लिहिताना हे पान गाळावे असा मोह होतो. आम्ही तो आवरला आहे. त्या काळच्या छपाई खात्यात लाचखोरी होती यात संशय नाही. मुख्य साक्षीदार स्वतःच त्या अफरातफरीत गुंतलेला होता व साक्षीच्या मोबदल्यात सुटू पाहत होता, हेही खरे. स्मॉल्सनी आरोप अखेरपर्यंत नाकारला. पण माफी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. ती त्यांना कधीच मिळाली नाही.

१८९५. स्मॉल्स आता छप्पन वर्षांचे. हॅना बारा वर्षांपूर्वी वारली होती; दुसरी पत्नी ॲनी, जी शिक्षिका होती, तीही याच वर्षी वारली. दक्षिण कॅरोलायनाची घटना पुन्हा नव्याने लिहिण्यासाठी कोलंबिया या राजधानीत सभा बोलावण्यात आली. सूत्रधार होता बेंजामिन टिलमन, आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणे हा हेतू त्याने लपविलाही नव्हता. १६० सभासदांत कृष्णवर्णीय होते ६. त्यांत स्मॉल्सच्या शेजारी व्हिपर बसले होते, १८७२ च्या निवडणुकीतले त्यांचे प्रतिस्पर्धी.

अमेरिकेच्या घटनेतील पंधराव्या दुरुस्तीमुळे रंगावरून मत नाकारता येत नव्हते. म्हणून टिलमनच्या मंडळींनी युक्ती काढली. ज्याच्याजवळ ३०० डॉलरची मालमत्ता नाही त्याने घटनेचे एखादे कलम वाचून दाखवावे. पहिली दोन वर्षे, वाचता येत नसल्यास, अधिकाऱ्याने वाचलेले कलम समजावून सांगितले तरी चालेल. समजले की नाही हे तोच अधिकारी ठरविणार. म्हणजे निरक्षर गोरा पास, आणि कृष्णवर्णीय कसाही बोलला तरी नापास. वाचता येत नाही म्हणून मत नाही, असे त्या माणसासमोर ठरत होते, ज्याला तरुणपणापर्यंत वाचू दिले गेले नव्हते आणि ज्याने सत्तावीस वर्षांपूर्वी याच राज्यात सर्वांसाठी शाळेचा ठराव मांडला होता. त्याच सभेने गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा यापुढे वेगळ्याच राहतील असेही घटनेत घालून टाकले.

परीक्षा घेणाऱ्या आम्हां शिक्षकांना हे कलम वाचताना अस्वस्थ व्हावे लागते. परीक्षकाने निकाल आधी ठरवावा आणि मग प्रश्न काढावा, याहून आमच्या धंद्याची विटंबना ती कोणती?

सहा जण आठवडेच्या आठवडे बोलत राहिले. मते पडत तेव्हा ती सहाच पडत. अखेर घटनेवर सह्या करण्याचा दिवस आला. स्मॉल्सनी सही करण्यास नकार दिला. सही न करणाऱ्या सभासदास प्रवासभत्ता मिळणार नाही, असे सांगण्यात आले. अशा कागदावर सही करण्यापेक्षा आपण ब्यूफर्टपर्यंत चालत जाऊ, असे त्यांनी कळविले. कोलंबियाहून ब्यूफर्ट शंभरावर मैल दूर आहे.

१८८९ साली त्यांना ब्यूफर्ट बंदरावर जकात अधिकाऱ्याची नेमणूक मिळाली होती. मध्यंतरी सरकार बदलले तेव्हाची काही वर्षे वगळता १९१३ पर्यंत ते त्या जागेवर राहिले. १८९७ मध्ये खास कायदा करून त्यांना आरमारी कप्तानाइतके, दरमहा ३० डॉलरचे, निवृत्तिवेतन देण्यात आले. ‘प्लँटर’ तोवर राहिली नव्हती. १८७६ मध्ये वादळी समुद्रात अडकलेल्या दुसऱ्या एका जहाजाला सोडविण्यास गेली असता ती किनाऱ्यावर रुतून फुटली होती.

२३ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, प्रिन्स स्ट्रीटवरील त्याच घरात रॉबर्ट स्मॉल्स वारले. गावातील टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्यांची समाधी असून जवळ अर्धपुतळा आहे. १९७४ मध्ये घराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. २०२३ साली अमेरिकन आरमाराने, दक्षिणेच्या एका विजयावरून ‘चान्सेलर्सव्हिल’ असे नाव असलेल्या आपल्या एका युद्धनौकेचे नाव पालटून तिला ‘रॉबर्ट स्मॉल्स’ हे नाव दिले.